ठोसा मारायला शिकताना



आजवर मी तुमच्यासाठी जोडाक्षरं, अपूर्णांक, वाचन कोपरा अशा विषयांवर लिहीत आले. आजचा विषय जरा वेगळा आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी ठोसा मारायला शिकले. होय, ठोसा! गुद्दा म्हणा, बुक्की म्हणा, तेच ते. आणि हे शिकताना मला माझ्या स्वतःच्या हाताबद्दल जे कळलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात कशी झाली?

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली. वर्ग पहिली ते आठवी. समग्र शिक्षाअंतर्गत सहावीपासून पुढच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' असतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहेच. प्रशिक्षक बाहेरून येतात आणि शाळेतली एक शिक्षिका सोबत थांबते. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं.

खरं सांगते, मला ते आणखी एक काम वाटलं होतं. खुर्ची टाकून बसायचं, हजेरी घ्यायची, फोटो काढायचे, अहवाल लिहायचा. पहिल्या दिवशी मी सोबत तिसरीच्या वह्यांचा गठ्ठासुद्धा तपासायला नेला होता.

आलेली प्रशिक्षक म्हणजे पंचविशीची एक मुलगी. तालुक्याच्या गावी वुशूचा वर्ग चालवते. मुली तिला ताई म्हणू लागल्या, मीही ताईच म्हणते. तिने मुली मोजल्या. सतरा भरल्या. जोड्या लावल्या, एक मुलगी उरली. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही या हिच्यासोबत."

"अहो, मी कुठे आता या वयात..."

"बांगड्या तेवढ्या काढून ठेवा."

सतरा पोरी माझ्याकडे बघत होत्या. रोज आपण मुलांना म्हणतो ना, 'ये पुढे, चुकलं तरी चालेल'? आता मागे कसं सरणार? बांगड्या काढल्या, मंगळसूत्र ड्रेसच्या आत घातलं, ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. जी मुलगी उरली होती, ती सहावीतली. अबोल, शेवटच्या बाकावर बसणारी. तिचं नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे कळेल.

वुशू आणि सान्दा म्हणजे काय?

आधी थोडी माहिती. चिनी भाषेत 'वू' म्हणजे युद्धाशी संबंधित आणि 'शू' म्हणजे कला किंवा तंत्र. चीनमधल्या पारंपरिक युद्धकलांना मिळून वुशू म्हणतात. त्याचे खेळ म्हणून दोन मोठे भाग आहेत. पहिला थाओलू, म्हणजे ठरलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवणं. दुसरा सान्दा, म्हणजे समोरासमोरची लढत. यालाच लोक चिनी किकबॉक्सिंग म्हणतात. 'सान' म्हणजे मोकळं आणि 'दा' म्हणजे मारणं. (आमच्या मुलींनी पहिल्याच दिवशी त्याचा 'सांधा' करून टाकला!)

सान्दात तीन गोष्टी चालतात: हाताचा ठोसा, पायाची लाथ आणि समोरच्याला धरून पाडणं. बॉक्सिंगपेक्षा हा खेळ वेगळा आहे तो लाथेमुळे आणि या पाडण्यामुळे. लढत होते ती ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच मंचावर. त्याला 'लेइ थाय' म्हणतात. भोवती दोऱ्या नसतात. मंचावरून खाली गेलात की समोरच्याला गुण. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या आणि तीनपैकी दोन जिंकेल तो विजयी. डोक्याला हेल्मेट, छातीला पॅड, हातात ग्लोव्हज, दातांना गार्ड, एवढं सगळं घालूनच खेळायचं.

आपल्या मुलीही यात मागे नाहीत. २०१७ साली रशियातल्या कझान इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत हरियाणाच्या पूजा कादियनने सान्दात सुवर्णपदक मिळवलं. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे झालेल्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीने ६० किलो गटात रौप्यपदक आणलं. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांतही वुशू हा खेळ आहे. ताई स्वतः त्यातूनच पुढे आलेली.

पहिला धडा: मूठ

ताई म्हणाली, "सगळ्यांनी मूठ वळा."

यात काय शिकायचं, असं मला वाटलं. मूठ तर तान्हं बाळही वळतं. ताई एकेकीची मूठ बघत फिरली. सतरापैकी अकरा जणींचा अंगठा बोटांच्या आत होता. माझ्या जोडीदारणीचाही. आणि माझाही!

"अंगठा आत ठेवून जोरात मारलं, तर समोरच्याला काही होणार नाही, तुमचा अंगठा मात्र मोडेल," ताई म्हणाली. मग तिने मूठ वळायला शिकवली. तुम्हीही वाचता वाचता करून बघा:

१. हात उघडा. चार बोटं शेजारी शेजारी घट्ट.
२. बोटांची टोकं आधी तळव्याच्या वरच्या कडेला टेकवा, मग गुंडाळी करत आत वळा. चटईची वळकटी करतो तसं.
३. अंगठा बाहेरून आणा आणि पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांवर आडवा टेकवा. तो वर किंवा बाजूला निघालेला नको.
४. मनगट सरळ. हाताची पाठ आणि मनगट एका रेषेत. पट्टी ठेवली तर ती सपाट बसायला हवी.
५. मार बसायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांनी. करंगळीच्या बाजूने लागलं तर तिथलं नाजूक हाड मोडू शकतं.

आणखी एक. मूठ सतत आवळून धरायची नाही. हात सैल, बोटं नुसती मिटलेली. लागण्याच्या क्षणीच आवळायची. सतत आवळून धरली की खांदा ताठतो, हात जड होतो आणि दोन मिनिटांत दम लागतो.

हे ऐकताना मला पहिलीतली पोरं आठवली. पेन्सिल इतकी आवळून धरतात की बोटं पांढरी पडतात, आणि आपण लांबून ओरडतो, 'अक्षर नीट काढ!' त्यांच्या बोटांकडे आपण कधी बघतो का? ताईने त्या दिवशी अठरा मुठी हातात घेऊन तपासल्या. मी डी.एड.ला असताना पाठ टाचणात 'सोप्याकडून कठीणाकडे' हे सूत्र किती वेळा लिहिलं असेल! सोपं म्हणजे नक्की किती सोपं, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसरा धडा: उभं राहणं

पुढचे दोन दिवस ठोसा नाहीच, फक्त उभं राहणं. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी डावा पाय पुढे, उजवा मागे. दोन पायांत खांद्याइतकं किंवा थोडं जास्त अंतर. मागची टाच किंचित उचललेली. गुडघे सैल. अंग थोडं तिरकं. डावी मूठ पुढे, नाकाच्या उंचीवर. उजवी मूठ हनुवटीजवळ. दोन्ही कोपरं बरगड्यांजवळ आणि हनुवटी खाली. हनुवटी खाली राहावी म्हणून ताईने सगळ्यांना हनुवटीखाली हातरुमालाची घडी धरायला लावली. रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून.

डावखुऱ्यांचं सगळं उलट. आमच्यात दोघी डावखुऱ्या. त्यांना ताई म्हणाली, "तुम्ही आरशातल्यासारख्या उभ्या राहा. तुमच्याशी लढणं समोरच्याला जड जातं, कारण तिला सवय नसते." त्या दोघींचे चेहरे असे खुलले! अजूनही काही घरांत डाव्या हाताने जेवलं की हातावर फटका बसतो, ते आठवलं.

तिसरा धडा: सरळ ठोसा

चिनी भाषेत 'छ्युआन' म्हणजे मूठ. 'ताई ची छ्युआन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यातलाच हा शब्द. सरळ ठोशाला 'छोंग छ्युआन' म्हणतात. 'छोंग' म्हणजे मुसंडी मारणं. पुढच्या हाताचा ठोसा हलका आणि चपळ असतो. समोरच्याचं अंतर मोजायला, तिला थोपवायला तो कामी येतो. मागच्या हाताचा ठोसा जोराचा.

जोर कुठून येतो? मी सांगितलं, "दंडातून." ताई हसली. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि ठोसा मारायला सांगितला. मारला. मग उभं राहून मारायला लावला. फरक लगेच कळला. जोर निघतो तो मागच्या पायाच्या चवड्यातून. चवडा जमिनीला रेटा देतो, टाच बाहेर वळते, कंबर फिरते, मग खांदा, आणि शेवटी मूठ. मूठ निघताना अंगठा वरच्या बाजूला असतो आणि लागेपर्यंत हात फिरून तळवा जमिनीकडे होतो. त्याच वेळी तोंडाने छोटासा श्वास सोडायचा, 'हस्' असा.

नवशिक्याच्या ठरलेल्या चुका तीन. त्या मी तिन्ही केल्या.

पहिली, मारण्याआधी हात मागे नेणं. आपण रागात हात उगारतो ना, तसं. ताई म्हणाली, "हात मागे नेलात की समोरच्याला पत्र पाठवलंत, मी मारणार आहे म्हणून. जिथे हात आहे तिथूनच निघायचं."

दुसरी, कोपर बाहेर फाकणं. यावर तिने छान उपाय दिला. भिंतीला खांदा जवळ ठेवून उभं राहायचं आणि हळू ठोसा मारायचा. कोपर फाकलं की भिंतीला आपटतं. सांगायला कोणी लागत नाही, भिंतच सांगते. (शैक्षणिक साहित्य म्हणतात ते हेच!)

तिसरी, पुढे झुकणं. सान्दात हे फार महागात पडतं. गावच्या जत्रेत कुस्ती पाहिलेल्यांना लगेच कळेल. तुम्ही ठोशाच्या नादात तोल पुढे टाकला की समोरचा खाली वाकून तुमचा पट काढतो आणि तुम्ही आडवे. आमच्या वर्गात पैलवानाच्या घरातली एक मुलगी आहे. ताईने हे सांगताच ती म्हणाली, "एवढंच होय!" आणि पुढच्या क्षणी तिची जोडीदारीण मातीत बसलेली.

ठोसा परत आणणं

आता खरी गोष्ट सांगते.

दुसऱ्या आठवड्यात ताईने मला थांबवलं. "मॅडम, तुमचा हात जातो छान. पण परत येत नाही."

म्हणजे मी मारायचे आणि हात तसाच लोंबत खाली सोडायचे. ताई म्हणाली, "ठोसा मारून झाला की संपला असं नाही. ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने हनुवटीपाशी परत आला पाहिजे. जाणं अर्धा ठोसा, येणं अर्धा. परत येत नाही तो हात तुमच्या ताब्यात नाही."

ती सहज बोलली. तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मला चौदा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

मी शिक्षण सेवक म्हणून लागले होते. दुसरी शाळा, दुसरा तालुका. तिसरीचा वर्ग. एका मुलाला सातचा पाढा येत नव्हता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तो 'साती चोक' वर अडकला. वर्ग हसला. त्या दिवशी केंद्रप्रमुख येणार होते, घरून फोन येऊन गेला होता, डोकं दुखत होतं. कारणं पुष्कळ आहेत, सगळी माझीच. माझा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं: बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई. पाठ असणं आणि अंगात असणं यातलं अंतर मला त्या दिवशी दिसलं, पण मी तिकडे पाहिलं नाही. तो मुलगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई त्याला सोडायला आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, घरात त्याचा बाप मारतो. साळंत तुमी. मग त्यानं जायाचं कुठं?"

मी त्यानंतर कुठल्याही मुलावर हात उगारला नाही. पण ती गोष्ट कुणाला सांगितलीही नाही. डोळे वटारले, फूटपट्टी टेबलावर आपटली, असलं करत राहिले आणि स्वतःला म्हणत राहिले, मी मारत नाही. परत न आलेला तो हात कुठेतरी लोंबतच होता.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गच्चीवर मी दोनशे ठोसे मारले. मोजून. प्रत्येक हात हनुवटीपर्यंत परत आणला. सासूबाई खालून विचारत होत्या, "काय धुणं आपटतीयस का गं वर?"

बाकीचे ठोसे थोडक्यात

तिसऱ्या आठवड्यात वळणाचा ठोसा आला. कोपर साधारण काटकोनात ठेवून, हात बाजूने अर्धगोल फिरवत कंबरेच्या वळणासोबत मारायचा. त्याला 'बाइ छ्युआन' म्हणतात, 'बाइ' म्हणजे झुलणं. मग खालून वर जाणारा, म्हणजे अपरकट. तो गुडघे किंचित वाकवून, पायांच्या उठावातून येतो. आणखी एक आहे 'ब्येन छ्युआन', म्हणजे चाबूक ठोसा. त्यात अंग गर्रकन फिरवून मुठीच्या पाठीने मारतात. तो ताईने फक्त करून दाखवला. "हा तुम्हाला शिकवणार नाही, पाया पक्का नसताना असलं करायचं नाही," असं तिने स्पष्ट सांगितलं.

सराव कशावर? युरियाच्या धुतलेल्या पोत्यात चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरला आणि ते मैदानातल्या कडुनिंबाला टांगलं. वाळू मुद्दाम भरली नाही, कारण ती खाली बसून दगडासारखी घट्ट होते आणि मनगटं दुखावतात. ताईकडे हातात धरायच्या पॅडची एक जोडी होती, ती पाळीपाळीने.

ती मुलगी

त्याच आठवड्यात बचाव सुरू झाला. एकीने उघड्या हाताने, अगदी हळू, समोरचीच्या कपाळाच्या दिशेने हात न्यायचा. दुसरीने दोन्ही मुठी गालाशी ठेवून डोळे उघडे ठेवायचे. बस, एवढंच. डोळे मिटायचे नाहीत.

सुरू व्हायच्या आधी मी कपाळावर आलेले केस मागे सारायला हात वर केला. माझी जोडीदारीण एकदम खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, मान आत, डोळे गच्च.

कुणी हसलं. ताईने तिला दमात गप्प केलं. मी मात्र जागची हलले नाही. अशी बसलेली एक आकृती मी आधी पाहिली होती. तिसरीच्या वर्गात, माझ्याच समोर. मारल्यानंतर पुढे कित्येक दिवस, मी फळ्याकडे जाताना त्याच्या बाकाजवळून गेले की तो मुलगा असाच आत आत व्हायचा. ज्याला मार खायची सवय असते त्याचं अंग असं वागतं. ते शिकवावं लागत नाही.

ताई तिच्याजवळ उकिडवी बसली. काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "डोकं झाकलंस ते बरोबर केलंस. आता तेच उभं राहून करू. हात गालाशी, कोपरं जवळ. आणि डोळे उघडे. डोळे उघडे असले की पळायचा रस्ता दिसतो."

पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर तिचे डोळे उघडे राहिले. मी माझा हात तिच्या कपाळापर्यंत इतका सावकाश नेला की माझा खांदा भरून आला.

दोन दिवसांनी पॅड आमच्या जोडीकडे आले. आधी तिने मारले, मी धरले. मग ताई म्हणाली, "आता मॅडम मारतील. फक्त टेकवायचं, जोर नाही." त्या मुलीने पॅड घातले आणि चेहऱ्यासमोर धरले. पॅडच्या वर मला तिचे दोन डोळे दिसत होते.

माझा हात जाईना. अर्ध्यावर गेला आणि थांबला. दुसऱ्यांदाही तसंच.

मग तीच म्हणाली, "मारा ना मॅडम. मी धरलंय."

मी पॅडवर मूठ टेकवली. अगदी हलकी, आणि लगेच हनुवटीपाशी परत. तिने डोळे मिटले नाहीत. "अजून," म्हणाली. आम्ही दहा मोजले. दहाव्याला ती हसली. शाळेत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या डोळ्यांत का पाणी आलं, हे तिला कळलं नसणार. घाम समजली असेल.

घरच्यांनाही मारायचं का?

त्या दिवशी सुटीनंतर ती वर्गात रेंगाळली. दप्तराचा पट्टा चाळवत म्हणाली, "मॅडम, ठोसा घरच्यांना मारायचा नसतो ना?"

शिक्षक मित्रांनो, अशा प्रश्नाचं उत्तर कुठल्याच शिक्षक हस्तपुस्तिकेत नसतं. मी तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. हळूहळू कळलं. वडील. रोज नाही, पिऊन आले की.

मी तिला काय सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते. "तुला मारलं जातं ही तुझी चूक नाही. तू मोठ्या माणसाशी ठोशांनी जिंकणार नाहीस, आणि ते तुझं कामही नाही. ताईने सांगितलंय तसं, आधी अंतर, मग आवाज, मग पळणं. ठोसा सगळ्यात शेवटी, सुटायला दुसरा मार्गच नसेल तर. आणि कुणाला तरी सांगणं हे या सगळ्यांच्याही आधी. ते तू आज केलंस."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलले. तिच्या आईला बोलावलं. आई बराच वेळ गप्प होती, मग रडली. शेजारीच मुलीची आत्या राहते. तसा प्रसंग आला तर मुलीने थेट आत्याकडे जायचं, असं तिघींनी मिळून ठरवलं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मी मुलीच्या वहीत लिहून दिला आणि सगळ्या वर्गाला पाठ करायला लावला, म्हणजे तिच्या एकटीवर लक्ष जाणार नाही. वडीलही एकदा शाळेत येऊन गेले. मान खाली घालून बसले. आता सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. आम्ही लक्ष ठेवून आहोत. ती रोज शाळेत येते. शेवटचा बाक सोडून आता दुसऱ्या बाकावर बसते.

तुमच्या वर्गासाठी चार गोष्टी

ही अशी प्रशिक्षणं तुमच्याही शाळेत होत असतील. माझ्या अनुभवातून एवढं सुचवते:

१. खुर्ची टाकून बसू नका. मुलींसोबत उभ्या राहा. बाईंनाही जमत नाही हे दिसलं की चुकायची भीती निम्मी होते.
२. वाचून किंवा व्हिडिओ बघून स्वतःच शिकवायला लागू नका. वर मी जे लिहिलं ते ओळख म्हणून आहे. शिकवायला शिकलेला माणूसच हवा.
३. मुलींच्या अंगाकडे लक्ष द्या. कोण दचकतं, कोण डोकं झाकतं, कोणाला हात लावलेला चालत नाही. जे तोंडाने सांगता येत नाही ते तिथे दिसतं. दिसलं तर सगळ्यांसमोर विचारू नका, पण सोडूनही देऊ नका.
४. मुलगेही बाजूला उभे राहून बघत असतात. त्यांना हाकलू नका. हात परत आणायला त्यांनीही शिकायला हवं.

तीन महिने संपले. ताई आता दुसऱ्या शाळेवर जाते. कडुनिंबाला पोतं अजून टांगलेलं आहे. मधल्या सुटीत मुली त्यावर 'एक-दोन, एक-दोन' करतात, आणि कधीकधी मीही. माझा वळणाचा ठोसा अजून वाकडाच जातो. सरळ मात्र बरा जमतो आणि परत येतो.

टेबलावर आपटायची ती फूटपट्टी मी आता भूमितीच्या साहित्यात ठेवून दिली आहे.

राहता राहिला तो सातच्या पाढ्याचा मुलगा. आता तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. तो कुठे आहे मला माहीत नाही आणि हे लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचेल असंही नाही. तरीही तुमच्या सगळ्यांसमोर लिहिते. बाळा, तुझा पाढा चुकला होता, त्यात काही बिघडलं नव्हतं. चुकलं ते माझं.